विणलेली दोरी की तंगूस: गोड्या पाण्यात गळ टाकताना कोणती निवडावी

दहा मिनिटं खेळवलेला मासा काठापासून दोन-तीन मीटरवर आलाय. पाण्यावर त्याची कूस चमकून गेली, तुम्ही जाळ्याकडे हात नेला, आणि तेवढ्यात त्यानं शेपटीचा एक फटका मारून खाली बुडी घेतली. रॉड सरळ झाला, दोरी सैल पडली. गुंडाळून बघता तर दोरी तुटलेली नाही, गाठ जागच्या जागी आहे, हुकाचं टोकही शाबूत आहे. हुक माशाच्या ओठातून फाडून निघालाय.

आता उलट प्रसंग बघा. ल्युअर, म्हणजे नकली आमिष, चाळीस मीटर लांब फेकलाय. मासा धरतो, रॉडला हलकीशी टिचकी जाणवते, तुम्ही जोरात हिसका देता. क्षणभर वजन लागतं आणि मग काहीच नाही. इथेही दोरी शाबूत, गाठ शाबूत. या वेळी हुक टोचलाच नाही.

पहिल्या प्रसंगात बहुतेक वेळा रिळावर विणलेली, म्हणजे ब्रेडेड दोरी असते. दुसऱ्यात मोनोफिलामेंट, ज्याला आपण तंगूस म्हणतो. दोन्ही वेळा दोरी ताकदीला कमी पडली नव्हती. म्हणून ‘यातली जास्त मजबूत कोणती?’ या प्रश्नापासून सुरुवात केली की निवड चुकते असं माझं ठाम मत आहे. मासा हिसका मारतो तेव्हा तो हिसका कोण सोसणार, दोरी, रॉड, रिळाचा ड्रॅग (ठरावीक ओढ आली की दोरी सोडणारा ब्रेक) की माशाचा ओठ, हे आधी ठरवायचं. दोरी त्यानंतर.

दोन्ही दोऱ्या आतून कशा असतात

मोनोफिलामेंट म्हणजे एकच अखंड तंतू, बहुतेक वेळा नायलॉनचा. नायलॉन 1935 मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या संशोधनातून तयार झालं. त्याआधी गळाला रेशमाची, तागाची, घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी असे. वापरून झाली की ती वाळवावी लागायची, नाहीतर कुजायची. नायलॉनमुळे ती कटकट संपली.

विणलेली दोरी ही कल्पना नायलॉनपेक्षा जुनी आहे, कारण रेशमाच्या दोऱ्याही बऱ्याचदा विणलेल्याच असत. नवा आहे तो तिच्यातला धागा. आज मिळणारी ब्रेडेड दोरी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची असते. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याच धाग्याची व्यापारी नावं. प्लास्टिकची साधी पिशवी ज्या कुळातली, त्याच कुळातला हा धागा, पण तो बनवताना त्यातले लांबच लांब रेणू ओढून एका दिशेला सरळ लावलेले असतात. त्यामुळे त्याला इतकी ताकद येते की त्यापासून गोळीरोधक जाकिटं आणि जहाजांचे दोरखंडही बनतात. असे चार किंवा आठ बारीक पदर एकमेकांत विणले की झाली ब्रेडेड दोरी. मासेमारीत ती 1990 च्या दशकात रुळली.

पुढचं सगळं या बनावटीतून येतं. गुंता झालेलं सूत ओढलं की आधी गुंता सरळ होतो आणि मग ताण लागतो. नायलॉनच्या रेणूंचं साधारण असंच असतं. त्यांचा काही भाग वळलेला, सैलसर असतो. ओढलं की तो भाग उलगडतो आणि दोरी लांब होते. पॉलिइथिलीनचे रेणू कारखान्यातच सरळ करून ठेवलेले असतात, त्यामुळे उलगडायला काही उरतच नाही. तुटण्याआधी नायलॉनची दोरी साधारण 15 ते 30 टक्के लांबते, तर ब्रेडेड जेमतेम 3 ते 5 टक्के.

ताण हाताला कसा कळतो

हे हातानं करून बघण्यासारखं आहे. मोकळ्या जागेत झाडाला मोनोचं टोक बांधा आणि वीस मीटर मागे जा. दुसरं टोक एका जाड काटकीला गुंडाळा. हाताला गुंडाळू नका. दोरी सरळ झाली की हळूहळू आणखी मागे सरका. एक पाऊल जाईल, दुसरं जाईल, दोरी रबरासारखी सोबत येत राहील. मग तेच ब्रेडेडनं करा. दोरी सरळ झाली की संपलं. पुढचं अर्धं पाऊलही ती देत नाही, काटकी हातात ताठ होते. दोन्हींपैकी कोणतीही दोरी तुटेपर्यंत ओढू नका. तुटलेलं टोक डोळ्याकडे येऊ शकतं.

आता हेच पाण्यावर नेऊन बघा. समजा तीस मीटर मोनो बाहेर आहे आणि तुमच्या हिसक्यानं ती आठ टक्के ताणली. म्हणजे जवळजवळ अडीच मीटर दोरी नुसती लांबण्यातच गेली. रॉड मागे ओढल्यावर त्याचं टोक साधारण तेवढंच अंतर कापतं. तुमचा सगळा हिसका दोरीनं पिऊन टाकला आणि हुक जागचा हलला तरी पुष्कळ झालं. दुसऱ्या प्रसंगातला मासा गेला तो असा.

पहिल्या प्रसंगात हेच गणित उलटं फिरतं. काठाजवळ तीनच मीटर दोरी बाहेर आहे, ती लांबत नाही, रॉड आधीच वाकलेला आहे. माशाचा फटका थेट ओठावर येतो. मोनो असती तर तीन मीटरवरही ती वीतभर लांबली असती, आणि कधी कधी एवढ्यानंच मासा जाळ्यात येतो.

लांबत नसल्याचा मोठा फायदा म्हणजे जाणीव. ब्रेडेड दोरीवर शिसं तळावरून ओढताना खाली वाळू आहे, गोटे आहेत की चिखल, हे बोटांना कळतं. मासा आमिष नुसतं चाखून सोडतो तेव्हाची बारीक टकटकही लागते. ज्याला हे एकदा जमलं त्याला मोनोवर डोळे बांधल्यासारखं वाटतं, आणि ते मी समजू शकतो. पण मग हातालाही सवय बदलावी लागते. मोनोवर जो जोरदार हिसका लागायचा, तोच ब्रेडेडवर दिला तर मऊ तोंडाच्या माशाचा ओठ फाटतो. इथे मनगटाची छोटी ओढ पुरते. रॉड थोडा नरम, मधोमध वाकणारा घ्यावा. दोरीनं सोडलेलं काम रॉडनं उचलायला हवं.

ड्रॅगचंही तेच. मोनोला जुना ठोकताळा असा की दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग सुटायला हवा. 10 पौंडांची म्हणजे सुमारे साडेचार किलोची दोरी असेल, तर साधारण सव्वा ते दीड किलोच्या ओढीला रीळ फिरू लागलं पाहिजे. हाच हिशोब 30 पौंडांच्या ब्रेडेडला लावून ड्रॅग आवळला तर आधी हुक सरळ होईल किंवा रॉड मोडेल. ब्रेडेडवर ड्रॅग ठरवताना साखळीतली सगळ्यात नाजूक कडी बघायची: रॉड, हुक, लीडर (मुख्य दोरी आणि हुक यांच्यामध्ये जोडलेला वेगळ्या दोरीचा तुकडा), माशाचं तोंड.

लेबलवरचे आकडे

पाकिटावर दोन आकडे असतात, ताकद आणि जाडी. बहुतेक लोक पहिलाच वाचतात. मी दुसरा आधी वाचतो, कारण पाण्यात दोरी कशी वागते ते जाडीवर अवलंबून असतं. 10 पौंडांची साधी मोनो साधारण 0.28 ते 0.30 मिलिमीटर जाड असते. तेवढ्याच ताकदीची ब्रेडेड असते 0.15 मिलिमीटरच्या आसपास. उलट बाजूनं सांगायचं तर मोनोच्या 10 पौंडांच्या जाडीत ब्रेडेड जवळजवळ 30 पौंड देते.

बारीक दोरी हवेत कमी अडते म्हणून लांब जाते. पाण्यात कमी ओढली जाते म्हणून त्याच ल्युअरनं जास्त खोल जाता येतं, आणि वाहत्या पाण्यात शिसं जागेवर टिकतं. जाडी निम्मी झाली की रिळावरची जागा पाव लागते, म्हणून छोट्या रिळातही पुष्कळ दोरी मावते.

मात्र तोटा दिसायला वेळ लागतो. नवखा माणूस 10 पौंडांची मोनो काढून 10 पौंडांचीच ब्रेडेड भरतो आणि मग ती सारखी गुंतते, बोटाला कापते, दगडाला लागली की तुटते. केसाएवढ्या दोरीकडून याहून वेगळी अपेक्षा ठेवता येत नाही. स्पिनिंग रिळावर सर्वसाधारण कामासाठी 15 ते 20 पौंडांची ब्रेडेड हाताळायला खूप सोपी जाते, आणि तरीही ती 10 पौंडांच्या मोनोपेक्षा बारीकच असते.

आणखी एक. नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की थोडं कमजोर होतं. म्हणूनच इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन विक्रमासाठी आलेली दोरी ओली करून तपासते. पॉलिइथिलीनच्या धाग्यात पाणी मुरत नाही. ते फक्त पदरांच्या मधल्या फटींत साचतं.

पाण्यात गेल्यावर

पॉलिइथिलीनची घनता 0.97, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. ब्रेडेड तरंगते. नायलॉनची घनता 1.14 च्या आसपास, म्हणून ती सावकाश बुडते. वारा असेल तर तरंगणाऱ्या ब्रेडेडला पाण्यावर मोठी कमान पडते आणि हलका फ्लोट (दोरीवरची तरंगती खूण) वाऱ्याबरोबर सरकत जातो. पाण्यावर चालवायच्या बेडकाच्या ल्युअरला मात्र तरंगणारी दोरीच हवी, बुडणारी दोरी त्याचं नाक खाली ओढते.

दिसण्याचा मुद्दा लोक फार ताणतात. नायलॉन पारदर्शक असतं, पण अदृश्य नसतं: पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) 1.33 आणि नायलॉनचा 1.53 च्या आसपास, त्यामुळे कडा दिसते. ब्रेडेड तर अपारदर्शकच, मग रंग कोणताही असो. पाणी गढूळ असेल, रात्र असेल किंवा दोरी वनस्पतींतून जात असेल तर यानं काही बिघडत नाही. नितळ, संथ, उथळ पाण्यात वयस्क मासा दोरी बघून वळतो, तिथे बिघडतं. फ्लोरोकार्बन नावाची तिसरी दोरी याच कामासाठी वापरतात. तिचा अपवर्तनांक 1.42, पाण्याच्या जास्त जवळचा, आणि घनता 1.78 असल्यानं ती चटकन बुडते. ती ताठ असते, म्हणून पूर्ण रीळ भरण्यापेक्षा पुढचा तुकडा म्हणून जास्त शोभते.

वनस्पती आणि दगड

निवडीचा निकाल माझ्या मते इथेच लागतो. पाण्यात काय आहे ते बघा.

कमळाची पानं, लव्हाळी, शेवाळाचे जाड थर, बुडालेलं गवत असेल तर मोनो नको. मरळेसारखा मासा आमिष घेतो आणि थेट देठांच्या जंजाळात शिरतो. मोनो जाड असल्यानं प्रत्येक देठाला अडते, आणि अडलेली दोरी वर लांबत राहते. तुम्ही ओढता, दोरी लांबते, मासा आणखी आत जातो. 40-50 पौंडांची ब्रेडेड ताणली की कोवळे देठ करवतीसारखी कापत जाते आणि मासा डोकं फिरवायच्या आत वर येतो. इथे मधला मार्ग काढायला जाऊ नका. दोरी बघून मासा बिचकेल ही भीतीही नको, कारण त्या जंगलात सगळीकडे दोरीसारखंच काहीतरी लोंबत असतं.

दगड, शिंपल्यांनी मढलेले खांब, बांधाच्या कडा असतील तर गणित फिरतं. ब्रेडेडचा प्रत्येक पदर अतिशय बारीक तंतूंचा असतो. ताणलेल्या अवस्थेत दगडाची धार लागली की ते तंतू एकामागून एक सुटत जातात आणि दोरी काहीच इशारा न देता जाते. मोनो एकसंध आणि जाड असते, तिला वरून ओरखडे पडतात पण आतला भाग ओढ धरून राहतो. ओरखडा नखाला लागतो, म्हणून तो वेळेवर कापून टाकता येतो. ‘ब्रेडेड मजबूत असते’ हे वाक्य ऐकून खडकाळ नदीत लीडरशिवाय ती टाकणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. तुटल्यावर ते त्याहून जास्त पौंडांची ब्रेडेड आणतात, आणि तीही तशीच तुटते.

गाठी आणि रीळ

मोनोला नेहमीची सुधारित क्लिंच गाठ उत्तम बसते. तीच गाठ ब्रेडेडवर घसरते, कारण धागा गुळगुळीत असतो. ब्रेडेडला पालोमार बांधावी: दोरी दुहेरी करून हुकाच्या डोळ्यातून घालायची, साधी गाठ सैल मारायची, तयार झालेल्या फासातून अख्खा हुक काढायचा आणि ओढायचं. युनी गाठही चालते, फक्त वेढे सात-आठ घ्यावे. कोणतीही गाठ आवळण्याआधी ती थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करा. पॉलिइथिलीन 145 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, नायलॉनपेक्षा बरंच आधी. कोरडी गाठ झटक्यात ओढली तर घर्षणाच्या उष्णतेनं धागा आतल्या आत भाजतो. बाहेरून गाठ छान दिसते आणि पहिल्याच चांगल्या माशाला सुटते.

रीळ भरताना ब्रेडेडखाली आधी दहा-पंधरा मीटर मोनो भरा आणि मग तिला ब्रेडेड जोडा. नुसती ब्रेडेड गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे रिळाच्या दोरी गुंडाळायच्या भागावर, पकड घेत नाही, अख्खं बंडल स्पूलभोवती फिरतं. ड्रॅग सैल झाल्यासारखा वाटतो आणि लोक रीळ दुरुस्तीला नेतात. भरताना ओल्या फडक्यात दोरी धरून घट्ट गुंडाळा. सैल भरलेल्या ब्रेडेडमध्ये माशाच्या ओढीनं वरचा वेढा खालच्या थरात रुतून बसतो, आणि पुढच्या फेकीला ल्युअर हवेत अडून मागे येतो. फेकून झाल्यावर रिळाची तार (दोरी पुन्हा स्पूलवर घेणारी कमान) हँडल फिरवून नव्हे, हातानं बंद करा आणि दोरी एकदा ताणून घ्या. ब्रेडेडमध्ये वाऱ्यानं पडणाऱ्या गाठी बहुतेक वेळा वाऱ्याच्या नसतात, या सैल राहिलेल्या वेढ्याच्या असतात.

मोनोचा दोष वेगळा. ती स्पूलचा आकार लक्षात ठेवते आणि फेकल्यावर वेटोळी होऊन बाहेर येते. काही दिवस न वापरलेली मोनो निघण्याआधी झाडाला बांधून एकदा ताणून घेतली की बरीच सरळ होते. उन्हानंही ती म्हातारी होते. नियमित वापर असेल तर हंगामाला एकदा बदलावी. ब्रेडेड अनेक हंगाम टिकते. वरचा भाग विरला की उलटी करून भरायची, आतला कोरा भाग वर येतो.

मग रिळावर काय भरायचं

पहिलंच रीळ असेल तर मोनो, 8 ते 10 पौंडांची. ती चुका सोसते, गुंता सोडवता येतो, गाठी सोप्या. फ्लोट लावून जवळ बसणाऱ्याला, मऊ ओठाच्या माशांसाठी, आणि तीन टोकांचे हुक असलेल्या, वेगानं ओढायच्या ल्युअरलाही मी मोनोच सांगेन. त्या हुकांची पकड वरवरची असते, दोरीनं थोडी ढील दिली तर ती टिकते.

लांब फेक, खोल पाणी, तळावरून हळू ओढायचं रबरी आमिष, दाट वनस्पती: इथे ब्रेडेड.

यांच्या मधल्या सगळ्या परिस्थितींना मुख्य दोरी ब्रेडेड आणि पुढे मोनोचा किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर ही जोडी चालते. लीडर पारदर्शक, दगडाला टिकणारा, मुख्य दोरीपेक्षा ताकदीला थोडा कमी. म्हणजे हुक अडकून तोडावं लागलं तर पुढचा तुकडाच जातो, पन्नास मीटर ब्रेडेड पाण्यात राहत नाही. जोडायला दुहेरी युनी गाठ पुरते. गाठ रॉडच्या कड्यांतून अडखळत असेल तर लीडर इतका आखूड ठेवा की फेकताना गाठ कड्यांच्या बाहेर राहील. पण दोन मीटरचा मोनो लीडर लावला की मोनोची लवचीकता मिळाली असं समजू नका. दोन मीटरच्या दहा टक्के म्हणजे वीस सेंटिमीटर. तेवढ्यानं थोडा फरक पडतो, बाकीचा हिसका रॉडलाच सोसायचा आहे.

अडकलेली ब्रेडेड कधीही हाताला गुंडाळून ओढू नये. ती कातडीत शिरते, आणि खोल शिरते. सुकी काटकी घ्या, दोरी तिला चार-पाच वेढे द्या, रॉड खाली ठेवा, पाण्याकडे पाठ करा आणि चालत मागे ओढा.

प्रत्येक मोठ्या माशानंतर हुकापासून हातभर दोरी दोन बोटांत धरून सरकवत बघा. मोनोवर खरखर लागली, ब्रेडेडवर कुसं निघालेली दिसली, की तेवढा भाग कापून गाठ नव्यानं बांधा. कापलेला तुकडा काठावर टाकू नका. पक्ष्याच्या पायाला एकदा वेढा बसला की तो त्याला सोडवता येत नाही, आणि ब्रेडेड तर वर्षानुवर्षं कुजत नाही. तुकडे घरी आणून बोटभर लांबीचे कापा आणि मगच कचऱ्यात घाला. त्यासाठी बारीक दातांची कात्री सोबत ठेवलेली बरी. ब्रेडेड दातानं तुटत नाही, दात मात्र झिजतो.